परड्यातली पेरणी

आठवडा बाजारात सुक्या मासळीच्या रांगेच्या टोकाला, सुपं-टोपल्या विकणारे बसतात त्यांच्या शेजारी, मे महिन्यात एक आजी बियांच्या पुरचुंड्या सोडून बसलेली असते. खाली गोणपाट, त्यावर वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आणि प्रत्येक तुकड्यावर एक लहानसा ढीग. काकडीचं पांढुरकं निमुळतं बी, भेंडीचं करडं-हिरवट गोल, शिराळ्याचं काळं चपटं, कारल्याचं कडेला नक्षी कोरलेलं, पडवळाचं जाडसर तपकिरी. २०२५च्या मेमध्ये मी तिच्यासमोर उकिडवी बसले, पडवळाच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "पन्नास रुपयांचं द्या." तिने ढिगाला हात लावला नाही. मान वर करून विचारलं, "जागा केवढी हाय गो तुझी?" मी म्हटलं, एका मांडवापुरती. "मांडवावर ऊन कुठनं येतं? सकाळचं की तिसऱ्या प्रहराचं?" सकाळचं, असं सांगितल्यावर तिने मोजक्या बिया तळहातावर घेतल्या, एकेक बी अंगठ्याने दाबून पाहिलं, दोन परत ढिगात टाकली, त्यांच्या जागी दुसरी उचलली आणि पुडी बांधली. वीस रुपये ठेवून घेतले, बाकीचे माझ्या हातात दिले. मी म्हटलं, "आणखी द्या की, असू देत घरात." तर म्हणाली, "कशाला? एका मांडवाला एवढं रग्गड झालं. उरलेलं डब्यात किडून जाईल. दुसऱ्या कुणाच्या परड्यात लागंल की." आणि ती पुढच्या बाईशी बोलायला लागली. परडं म्हणजे आमच्याकडे घरामागची मोकळी जागा, भाजीपाला लावायची.

पुडी पिशवीत टाकून मी मासळीकडे वळले खरी, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. बाजारात आपल्याला किती पाहिजे हे विचारतात, कुठे लावणार हे कोण विचारतं? दुकानातल्या पाकिटावर वजन असतं, किंमत असते, कंपनीचा शिक्का असतो, आणि ते पाकीट कुणाच्या जमिनीत फुटणार आहे याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. या बाईने आधी माझी जमीन डोळ्यांसमोर आणली आणि मग बी दिलं. ज्या जागेत मी ते घालणार होते त्या जागेचं ते आधीच होऊन गेलं होतं, मी फक्त ते तिथवर पोचवणार होते.

संगमेश्वरच्या बाजूला माझं माहेर. तिथल्या पडवीच्या आतल्या भिंतीवर पावसाळा संपता संपता राखाडी रंगाच्या चकत्या दिसायला लागायच्या. काकडीचं बी राखेत कालवून आजी ते भिंतीवर थापायची. त्यासाठीची काकडी वेलावर आधीच ठरलेली असे. तिच्या देठाशी चिंधी बांधलेली, म्हणजे घरातल्या लहानथोरांनी समजायचं की ही तोडायची नाही. ती फुगत जायची, हिरवी कातडी पिवळी व्हायची, मग तांबूस, मग तिच्यावर बारीक भेगांची जाळी उठायची. चिंधी बांधलेल्या काकडीला आम्ही पोरांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. एरवी वेलावरची कोवळी काकडी जागच्या जागी फस्त करायला आम्ही मागेपुढे पाहत नसू. ती काकडी चिरून गर भांड्यात काढला की दोन दिवस तसाच राहायचा. त्याला एक आंबूस, किंचित दारूसारखा वास सुटायचा, बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटायचं, भरीव बी खाली बसायचं आणि पोचट वर तरंगायचं. मग चुलीतली राख. राख बियांतला ओलावा ओढून घेते आणि किडीला जवळ येऊ देत नाही. हे आजीने कधी समजावून सांगितलं नाही, ती फक्त करायची. घोसाळं मात्र वेलावरच वाळू द्यायचे. हलवल्यावर आत बी खुळखुळायला लागलं की टोकाचं झाकण उघडायचं, बी पुरचुंडीत आणि जाळी न्हाणीघरात. रोहिणी नक्षत्र लागलं की चकत्या भिंतीवरून सुरीने सोडवल्या जात. धूर, राख आणि जुन्या मातीचा तो वास अजूनही एखाद्या बंद घराचं दार उघडताना मिळतो, आणि मला हटकून पडवळ-काकडीचे दिवस आठवतात.

आता मी सासरच्या परड्यात पेरते. माती तांबडी, जांभ्यावरची, हातभर खणलं की कुदळ चिऱ्याला लागून दणकते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घाटावर वेलाला आळं करतात, पाणी मुळाशी थांबावं म्हणून. इथे पावसाळी वेलाला आळं केलं तर त्याचं डबकं होईल. म्हणून आपण मातीचा उंचवटा करतो, गुडघ्याच्या खाली येईल इतका. वर्षभर कोपऱ्यात कुजवलेला पातेरा म्हणजे पालापाचोळा, गोठ्यातलं जुनं शेणखत, चुलीची नाहीतर बंबाची राख, हे सगळं तांबड्या मातीत मिसळायचं, घमेल्याने एका जागी आणायचं आणि हाताने सारखं करायचं. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावं लागतं. नंतर माती हाताला भाजते. नखांत ती इतकी घट्ट बसते की पुढे भात कालवतानाही नखांची कड लालच दिसते. पातेऱ्याच्या तळाशी कुजून काळं पडलेलं फणसाचं पान उचललं की खाली गांडुळाची वळवळ आणि थंडावा. आठ पावलांवर जमीन भाजत असताना या एका ढिगात पावसाळा आधीच येऊन बसलेला असतो.

पेरायची घाई करून चालत नाही. पाऊस पडला म्हणजे जमीन तयार झाली असं होत नाही, वाफसा यावा लागतो. मूठभर माती घ्यायची, दाबायची, गोळा झाला की कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर पेरायला हरकत नाही. पचकन चपटा झाला तर अजून मातीत पाणी जास्त आहे, हवेला जागा नाही, आणि बियाला पाण्याइतकीच हवा लागते. अशा चिखलात पडवळ-कारल्याचं बी उगवायच्या आधी कुजतं. गोळाच झाला नाही तर पाऊस पुरेसा आत गेलेला नाही. हे सगळं हाताला कळतं. सासूबाई तर गोळाही करत नाहीत, अनवाणी पायाने उंचवट्याची कड दाबून "आज नको" किंवा "घाला आता" म्हणतात.

मृग लागतं ७ किंवा ८ जूनला, पण पाऊस पंचांग बघून येत नाही. २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या भानगडीत मॉन्सून केरळातच ८ जूनला पोचला, ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकून बसला. मुंबईत शिरायला २५ जून उजाडला. कागदावर मॉन्सून आमच्या डोक्यावर होता आणि परड्यात धूळ उडत होती. लोक विहिरीचा तळ खरवडून आणलेलं पाणी तांब्याने उंचवट्यांवर घालत होते. २०२५ मध्ये नेमकं उलटं. २४ मे रोजी केरळ, २५ला देवगड, २६ला मुंबई. लाकूडफाटा आत घ्यायचा होता, कौलं चाळायची राहिली होती, भाताच्या धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरण्या व्हायच्या होत्या, आंब्याची पेटी अजून गाडीत चढायची होती आणि आभाळ फाटलं. वाफसा मिळेचना. आजीकडून आणलेली पडवळाची पुडी डब्यात, आणि मी रोज खिडकीतून मांडवाच्या जागेकडे बघत होते. शेवटी नारळाच्या झावळ्यांचा एक जुना झाप उंचवट्यावर तिरका टेकवून ठेवला, सर आली की पाणी बाजूने निघून जावं म्हणून. त्याखालची माती दोन उघडिपींत पेरण्याजोगी झाली.

पेरणं हे काम एवढंसं आहे की सांगायला वेळ जास्त लागतो. पडवळ, कारलं, भेंडी रात्रभर पाण्यात घालायची. कारल्याचं कवच फारच टणक असतं, त्याची कड नेलकटरने हलकी तोडली तर पाणी लवकर आत जातं. बियाच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट खोल, एवढाच हिशेब. म्हणजे वेलांचं बी बोटाच्या पहिल्या पेराइतकं आत, एका उंचवट्यावर तीन-चार, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. माठाचं बी खसखशीएवढं. ते बारीक वाळूत मिसळून फोकायचं आणि वरून खराट्याचा शेंडा फिरवला तरी पुरे. त्यावर जाड माती पडली तर तेवढं ओझं उचलण्याची ताकद त्याच्यात नाही. बी टाकायचं, मातीने झाकायचं, तळहाताने हलकं दाबायचं. या दाबण्यावर सासूबाईंचा फार कटाक्ष. मातीचा आणि बियाचा सगळ्या बाजूंनी संबंध आला पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर बी कोरडं पडतं. त्या दाबतात तेव्हा बोटं किंचित पसरलेली असतात आणि हात उचलायला त्या क्षणभर उशीर करतात.

एका वर्षी जोराच्या सरीने उंचवट्याची कड सुटली आणि काकडीचं एक बी एका बाजूने उघडं पडलं, त्यामुळे आत जे चालतं ते बघायला मिळालं. बी आडवं पडलं होतं. त्याच्या टोकातून पांढरं मूळ आधी सरळ बाहेर आलं होतं आणि मग वळून खाली गेलं होतं. बी उलटं पडो की आडवं, मूळ खालीच जातं. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे बारीक कण असतात, ते वजनाने तळाशी बसतात आणि खालची दिशा कुठली ते मुळाला कळतं. त्या मुळाच्या आणि देठाच्या सांध्यापाशी एक छोटासा खुंट पुढे आलेला होता. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या बहुतेक रोपांना तो असतो. हा खुंट बियाच्या खालच्या टरफलाला अडकतो, त्याला मातीत दाबून धरतो, आणि वरचा देठ कमानीने ताणत दोन दळं, म्हणजे बियातलीच पहिली जाडसर पानं, त्या टरफलातून ओढून काढतो. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाने आधी पाठ उचलावी आणि मग मान, तसा तो देठ वाकलेला वर येतो, म्हणजे कोवळ्या शेंड्याला माती खरचटत नाही. उजेड लागला की कमान सरळ होते आणि दळं उघडतात. बी फार वर पेरलं असेल तर टरफलाला दाबून धरणारी माती नसते, मग रोपटं टोपी घालूनच बाहेर येतं, आणि कधी कधी ती टोपी वाळून दळांना घट्ट आवळते. पेरभर खोलीचा हिशेब कशासाठी आहे ते मला त्या सुटलेल्या कडेने दाखवलं. मी बघून माती परत लावली.

वरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही.

काकडी चार-पाच दिवसांत वर येते, भेंडीला आठवडा लागतो, पडवळ आणि कारलं तर दहा-बारा दिवससुद्धा डोळे लावून बसवतात. त्या दिवसांत मी छत्री घेऊन सकाळी परड्यात जाते तेव्हा खरं तर काहीच काम नसतं. नुसतं बघायचं. मातीला केसाएवढी भेग पडली आहे का, एखादा ढेकूळ किंचित उचलला गेला आहे का. अशी उचललेली माती पाहिली की मला अजून आनंद होतो, मोठ्याने सांगावासा वाटणारा आनंद, आणि मी आत जाऊन सांगतेही. घरात कुणालाही त्याचं विशेष वाटत नाही. सासूबाई तेवढ्या विचारतात, "किती आले?"

सगळे येत नाहीत. माठाचं बी मुंग्या ओळीने उचलून नेतात. शेजारच्या कोंबड्यांना भुसभुशीत मातीची अनावर ओढ. गोगलगायी रात्री येतात आणि उघडलेली दळं तेवढी खाऊन जातात. सकाळी उभा देठ आणि त्याच्याभोवती चकाकणारी रेघ. पाणी साचलं तर रोपटं मातीलगत काळं पडून कोलमडतं. आणि हे सगळं परवडलं म्हणावं असं वानरांचं. आमच्या वाडीत किती घरांनी परड्यात काही लावणं सोडलं ते याच कारणाने. फळ धरेपर्यंत वेल वाढवायचा आणि एका दुपारी टोळी येऊन मांडवासकट खाली आणणार. मी करवंदीच्या काटेरी फांद्या रचते, कुत्रा आहे, आम्ही पत्र्याचा डबा वाजवतो, तरी जातंच. वानराच्या पोटाशी चिकटलेलं पिल्लू पाहिलं की हातातला डबा क्षणभर थांबतो, आणि पुढच्या क्षणी पडवळाच्या तुटलेल्या वेलाकडे लक्ष गेलं की डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही खरं आहे. जंगलात त्यांना खायला काय उरलं आहे, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर माझ्या मांडवावरून द्यावं लागावं याचा रागही येतो.

याहून अवघड जाते ती विरळणी. चार बिया घातल्या, चारही आल्या, आणि त्यातल्या दोन ठेवायच्या. उपटायची नाहीत, उपटताना शेजारचीही मुळं हलतात. नको ते रोप मातीलगत नखाने खुडायचं. कुठलं ठेवायचं हे ठरवणं सोपं असतं, जाड देठाचं, रुंद पानाचं. खुडणं सोपं नसतं. ज्याची इतके दिवस वाट पाहिली, ज्याने कवच फोडून, माती उचलून वर येण्याचं सगळं काम बिनचूक केलं, त्याला फक्त शेजारचं थोडं जास्त जोमदार आहे म्हणून खुडायचं. सासूबाई हे काम बोलता बोलता करून टाकतात. मला अजून तसं जमत नाही आणि जमावं असंही वाटत नाही. खुडलेली रोपं मी त्याच उंचवट्यावर ठेवते, मातीत जातात. एखादी जागा मोकळी राहिली असेल तर तिथे लगेच दुसरं बी घालून नांग्या भरायच्या, म्हणजे मांडव एका बाजूने उघडा पडत नाही.

आता नर्सरीत जून लागायच्या आधीच दुधीची, काकडीची, अगदी भेंडीचीसुद्धा तयार रोपं ट्रेमध्ये मिळतात. नारळाच्या भुशात वाढवलेली, एकसारख्या उंचीची. त्यात वाईट काही नाही. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी यांचं रोप करूनच लावतात, पूर्वीही लावत. त्यांना उपटून लावलेलं मानवतं, मूळ तुटलं तर जास्तच फुटवे येतात. कलिंगडाचं संकरित बी इतकं महाग असतं की शेतकरी ट्रेमध्ये रोप करून मगच मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकला भोकं पाडून लावतो, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. पण मुळा, गाजर, मेथी, माठ, भेंडी, गवार, चवळी, आणि वेलवर्गातलं सगळंच, यांना पहिल्या दिवसापासून आपली जागा हवी असते. यांचं मूळ पानांच्या कितीतरी पुढे पळतं. वर दोन पानं दिसतात तेव्हा खाली ते वीतभर गेलेलं असतं. मुळ्याचं आणि गाजराचं तर ते मूळच आपण खातो. ते एकदा वळलं की सरळ होत नाही. ट्रेच्या कपात मुळाला खाली जायला वाट मिळत नाही, ते गोल फिरत राहतं. आणि आमच्याकडे आषाढातला वारा काय असतो ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. जागच्या जागी रुजलेली भेंडी त्या वाऱ्यात वाकते, पण मुळापासून हलत नाही. मी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावून पाहिले आहेत. आणलेलं रोप आधी उंच दिसतं. श्रावण येईपर्यंत पेरलेलं त्याच्या पुढे गेलेलं असतं.

हे सगळं एका दिवसासाठी करतात असं कुणी म्हटलं तर मी हो म्हणेन, आणि तो दिवस म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराने पिकलेलं धान्य वर्ज्य, भातसुद्धा आपोआप उगवणाऱ्या देवभाताचा. आणि भाजी ऋषीची: अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, काकडी, चवळीच्या शेंगा, मक्याचं कणीस, लाल भोपळा, सुरण. आमच्याकडे फोडणी नाही, मसाला नाही, ठेचलेली हिरवी मिरची, थोडी चिंच, वरून ओलं खोबरं. कितीतरी वर्षं मी ती भाजी खाल्ली, केली, वाढली. पण ही यादी दुसऱ्या बाजूने वाचली तर ती परड्यात हाताने लावायच्या गोष्टींची यादी आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. यातल्या एकाही गोष्टीला नांगर लागत नाही. बोट, खुरपं, घमेलं आणि घरातली बाई एवढ्यावर हे पिकतं. अळू आणि सुरणाचे कांदे, बाकी सगळं बी, आणि सगळं थेट मातीत. मृगाला पेरलं तर भेंडी-काकडी दीड महिन्यात हाताशी येते, शिराळं-पडवळ दोन महिन्यांत, कणसं त्याच्या थोडी मागून. भाद्रपदात या सगळ्यांची गाठ पडते. गणपतीवर बांधायच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला टांगायलाही याच मांडवावरचं पडवळ, याच वेलावरची काकडी आणि चिबूड.

मृग सूर्याच्या चालीवर ठरतं, ते ७-८ जूनवरून हलत नाही. ऋषिपंचमी चंद्राच्या तिथीने येते, ती मागेपुढे होते. २०२३ला पाऊस रेंगाळला तेव्हा सगळे म्हणत होते, यंदा ऋषीच्या भाजीला परड्यातलं काही मिळायचं नाही. पण त्या वर्षी अधिक श्रावण होता, ऋषिपंचमी २० सप्टेंबरला आली, आणि उशिरा पेरलेलं सगळं वेळेत धरलं. २०२५ला ती २८ ऑगस्टला होती, इतकी लवकर की मृगाची पेरणी असती तर जेमतेम ऐंशी दिवस मिळाले असते. पण त्या वर्षी पाऊसच मे महिन्यात आला. लाल भोपळा तेवढा कोवळा निघाला, बाकी मांडव भरलेला होता. याला मी योगायोगच म्हणते. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एका डोळ्याने आभाळ आणि दुसऱ्याने तिथी पाहत परडी पेरली, त्यांना अशी वर्षं किती वेगवेगळ्या तऱ्हांनी भेटली असतील, आणि त्यांनी काय काय तजविजी केल्या असतील, त्याची नोंद कुठेही नाही.

पेरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिफण येते, बैल येतात, चाड्यावर मूठ धरलेला शेतकरी येतो. तेही चित्र मला प्रिय आहे. चांगला शेतकरी पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजतो. सोयाबीनचे सत्तर आले तर बी चांगलं म्हणायचं. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य रुजत घालतात आणि दसऱ्याला ते हिरवे-पिवळे तुरे टोपीत, केसांत खोवतात, त्यातही रब्बीच्या तोंडावर घरातलं बी तपासून घेण्याची सोय आहेच. पण परड्यातल्या पेरणीकडे शेती म्हणून कुणी पाहिलंच नाही. ते बायकांचं चूल झाल्यावरचं काम. बी राखणं त्याहून मागचं, अंधाऱ्या पडवीतलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याच्या आणि भाज्यांच्या कितीतरी गावरान जाती त्यांनी घरात राखल्या, वाढवल्या, वाटल्या, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या कामाला मोठ्या मंचावर नाव मिळालं. मला त्या बातमीने रडू आलं होतं. माझ्या आजीची भिंत आठवली.

बाजारातल्या त्या आजीचा प्रश्न मी याच्याशी जोडते. तिच्याकडे जे होतं ते तिच्याच किंवा तिच्या ओळखीच्या परड्यांतलं, चिंधी बांधून राखलेलं. संकरित बियाचं फळ राखून पुढच्या वर्षी लावलं तर मूळ जात तशीच येत नाही, दरवर्षी पाकीट आणावंच लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने इथल्या हवेला मानवणारी कोकण तारा कारली, कोकण हरिता शिराळी, शीतल काकडी असे सुधारित वाण दिले, ते मात्र राखता येतात आणि मी लावतेही. गावठीच लावा असा माझा हट्ट नाही. पण ज्या बियाचं पुढच्या वर्षीही बीच होणार आहे ते देताना आजीला ते वाया जाणं सोसत नव्हतं. तिने माझ्या पैशांपेक्षा त्या बियांची काळजी जास्त केली. त्या पुडीतले वेल त्या वर्षी मांडवभर झाले. एका पडवळाला मी चिंधी बांधली. ते लालभडक होऊन खालच्या टोकाला फुटायच्या बेताला आलं तेव्हा काढलं, आणि राखेत घोळवलेलं बी काचेच्या बरणीत ठेवलं; माझ्या घराच्या भिंतींना रंग आहे, तिथे थापणं शक्य नाही.

आमच्या आळीत गेल्या काही वर्षांत एकामागून एक परडी फरशीखाली गेली. कारणं सगळ्यांची रास्त आहेत. चिखल, साप, गवत काढायला मिळत नसलेला गडी, वय, मुंबईला गेलेली मुलं आणि गणपतीत गाड्या लावायला लागणारी जागा. पेव्हर ब्लॉक बसले की परडं स्वच्छ दिसतं, आणि पाऊस पडतो तेव्हा आवाज बदलतो. माझं म्हणणं कुणी विचारलं तर मी सांगते: सगळं झाका, पण न्हाणीघराचं पाणी जिथून जातं तिथली हातभर रुंदीची पट्टी सोडा. तेवढ्या जागेत माठ होतो, चवळी होते, एक वेल भिंतीवरून गच्चीत जातो. एकदा खाली सिमेंट ओतलं की ती माती परत मोकळी करायला कुणी येत नाही. आणि आपल्या हाताने घातलेलं बी वर आलेलं न पाहता एखादं मूल या कोकणात मोठं व्हावं, ही कल्पना मला सहन होत नाही.

पलीकडच्या काकूंच्या परड्यात या उन्हाळ्यात ब्लॉक बसायला आले तेव्हा मी जाऊन उभी राहिले. काकूंनी मिस्त्रीला थांबवलं आणि विहिरीच्या बाजूची एक लांबट पट्टी सोडायला लावली. तिथला जुना चिरा मी आणि त्यांचा नातू मिळून काढला, खालची माती उकरली, पातेरा आमच्याकडचाच नेऊन भरला. नातू रोज विचारतो, पेरायचं कधी. काकूंना तिथे चवळी हवी आहे. मी भेंडी म्हणते, कारण भेंडीला मांडव लागत नाही आणि काकूंच्या गुडघ्यांना वाकायला न लावता ती उभ्याने तोडता येते. काकू म्हणतात, भेंडी बाजारात मिळते, त्यांच्या माहेरची तांबडी चवळी मिळत नाही. त्यांचं बरोबर आहे. मृगाला अजून थोडे दिवस आहेत. चवळीचं बी त्यांच्या भावाकडून यायचं आहे, भेंडीचं माझ्याकडे आहे, आणि पट्टी दोन्ही मावतील एवढी आहे असं नातवाने काठीने मोजून सांगितलं आहे.